थोरल्याचं नाव

आधी मावशीचं सांगते, मग काय झालं ते. तुकोगंजातल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात ती आया आहे. जुन्या इंदुरात माझ्या खोलीला लागून तिची खोली, दोघींत नळ एकच. नात्याची नाही, गावची नाही, जातीचीही नाही. तरी त्या घरातलं काम मला तिनं लावून दिलं, माझ्यासाठी ती खोटं बोलली, आणि मी तोंड उघडलं म्हणून तिला चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं. यात ज्यांचं ज्यांचं येईल त्यांतल्या कुणाचं नाव मी लिहिणार नाही, आणि मावशीचं तर नाहीच. तिचं नाव एकदा माझ्यापायी नको तिथं घेतलं गेलं, तेवढं पुरे.

मी परभणीकडची. आठवी झाली आणि शाळा सुटली, कारण नववीचा वर्ग पलीकडच्या गावात होता, मधे ओढा, आणि मला एकटीला सोडायला घरचे तयार नव्हते. लग्न झालं, नवऱ्याबरोबर इंदूरला आले. तो सांवेरला सोयाबीनच्या गोदामात हमाली करतो. सोमवारी जातो, शनिवारी येतो. इथं आल्यावर दीड वर्षानं मला मुलगा झाला आणि दहाव्या दिवशी गेला. कावीळ झाली, वाढली. दवाखान्यात नेलं, त्यांनी करायचं ते सगळं केलं, कुणाची चूक नव्हती. बारसं बाराव्या दिवशी ठरलं होतं. नाव कानात सांगायला नणंद गावाहून निघणार होती, ती निघालीच नाही. त्यामुळे त्याला नाव नव्हतं.

त्यानंतर मी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मावशी कामाला जाताना दारात उभी राहायची आणि म्हणायची, "पानी आलंय. उठ, भर." रडू नको, देवाची मर्जी, अजून वय आहे, यातलं ती एकदाही बोलली नाही. रोज एवढंच. पाणी भरायला उठावं लागायचं, उठलं की शेगडी दिसायची, शेगडी दिसली की भूक लागायची. असे तीन महिने गेले.

मग एक दिवस ती म्हणाली, "एक मराठी घर आहे. मुलगी बाहेरदेशातून आईकडे जापा करायला आलीय. त्यांना मराठीच जापेवाली पाहिजे. तुला मालिश येते न?"

इंदुरात बाळंतपणाला जापा म्हणतात. मालिश मला येत होती. गावाकडे माझी आई बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायची. तिच्यामागं गरम पाण्याची बादली लहानपणापासून मी उचलली आहे.

"येते," मी म्हटलं. "पण मावशी, मला चालेल का?"

मी काय विचारतेय ते तिला कळलं. जिचं मूल गेलं तिचा हात आमच्याकडे दुसरीच्या कोवळ्या बाळाला लावू देत नाहीत. इथंही बऱ्याच घरांत नाही.

"मी सांगितलंय, तुझा मुलगा गावी आहे, आजीजवळ. सव्वा वर्षाचा. लक्षात ठेव, सव्वा."

"आणि त्यांना कळलं तर?"

"कळलं तर तुझं काम जाईल आणि माझं नाक. म्हणून कळू द्यायचं नाही. कान खुले, तोंड बंद."

तुकोगंजातच, तिसऱ्या मजल्यावरचं घर होतं. त्यात दोघीच, आई आणि मुलगी, आणि मुलीचं तीन-चार दिवसांचं बाळ. आई म्हणजे काकू, शाळेतून रिटायर झालेल्या, नवरा वारलेला. त्यांच्या घरचे लोक तीन पिढ्यांपूर्वी इथल्या मिलमध्ये कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. बोलायच्या मराठीच, पण त्यात निम्मं इंदूर. पहिल्याच दिवशी मी पाणी तापवलं तर त्यात बोट घालून म्हणाल्या, "अगं, किती गरम केलंस? बच्चा आहे तो, आलू नाही." मला हसूही आलं नाही, इतकी मी घाबरलेली होते. त्यांची मुलगी, ताई, आतून म्हणाली, "आई, पहिल्या दिवशी तरी सोड तिला." मी त्यांना ताई आणि काकू म्हणायची, त्या मला अगं म्हणायच्या.

ताईचा नवरा स्कॉटलंडचा. तिथल्या उत्तरेकडच्या एका बेटावरचं त्याचं घर, आणि काम समुद्रात, तळातून तेल काढतात त्या फलाटावर, बिजलीचं. सुट्टी मिळून तो येईल तेव्हा बाळ सव्वा महिन्याचं होणार होतं. म्हणून बारसं बाराव्या दिवशी न करता तेव्हा करायचं ठरलं. तोपर्यंत बाळाला सगळे बाळच म्हणत. ते मला सोसत नव्हतं. दहावा दिवस आला त्या दिवशी मी दर थोड्या वेळानं झबल्यावर हात ठेवून छाती हलते का ते बघत होते. काकू म्हणाल्या, "काय गं, ताप आहे का?" मी म्हटलं, "नाही, दुपटं ओलं झालं का बघते."

अशी उत्तरं मला द्यावी लागायची. काकू मायाळू होत्या, आणि मायाळू माणूस चौकशी करतो. पोळ्या लाटता लाटता विचारायच्या, "तुझ्याला दात किती आले?" मी म्हणायची चार. "चालतो का?" धरून धरून. "आणि नाव काय ठेवलंस?" "बाळ्याच म्हणतो आम्ही," मी म्हटलं. एकदा त्यांनी लोकरीची निळी टोपी विणून मला दिली, "गावी पाठव, तिकडेही थंडी असेल." ती टोपी घेऊन मी जिन्यात बसून राहिले होते.

बाळ रडलं की माझा झंपर ओला व्हायचा. तीन महिने झाले तरी अंगाला समजलेलं नव्हतं. म्हणून मी घरातही स्वेटर घालून असायची. पौषाचे दिवस होते, कुणाला वेगळं वाटलं नाही.

नावाचा विषय निघाला तो फ्रिजवर लावलेल्या कागदावरून. जावयांनी तिकडची जुनी नावं लिहून फोनवर पाठवली होती, ताईनं ती मराठीत उतरवून लावली होती. काकू चष्मा लावून एकेक वाचायच्या.

"अँगस. हे काय, अंगठ्याला लावायचं मलम?"

"आई."

"फर्गस. फरशी पुसायचं औषध. हेमिश, हा ठीक आहे, हा शेजारच्या दुकानवाल्याचा मुलगा वाटतो. मर्डो." इथं त्या थांबल्या. "बाई गं. हे काढ. घरात छोटं बाळ असताना असं तोंडात नाही घेत."

ताई हसली. मी तिथं गेल्यापासून पहिल्यांदा हसलेली पाहिली. मग हसता हसता उठून आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिची पाठ चोळत होते. कुशीवर पडून, उशीत तोंड घालून ती म्हणाली, "त्या कागदावर जे नाव पाहिजे ते नाहीच आहे."

मी चोळत राहिले. कान खुले, तोंड बंद.

"हा दुसरा आहे," ती म्हणाली. "आधी एक होता. दोन वर्षांपूर्वी, तिकडेच. सातव्यात झाला, दोन दिवस होता." तिकडे पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायची रीत, ते नाव त्याला दिलं. दवाखान्यातल्या त्या काचेच्या पेटीवर चिठ्ठी लावली होती, तिच्यावर लिहिलेलं. मग बेटावर पुरलं, तिथल्या दगडावर कोरलेलं. "इथं आल्यापासून आईनं त्याचं नाव एकदाही घेतलेलं नाही. मी घेतलं तर उठून जाते."

माझे हात थांबले होते. ती म्हणाली, "जोरात लावलं तरी चालेल." मग मी पुन्हा चोळायला लागले.

त्या रविवारी व्हिडिओ कॉल झाला. इथं दुपारचे साडेचार, तिथं सकाळचे अकरा, तरी बाहेर उजेड कमी म्हणून त्यांच्या खोलीत दिवा लागलेला. पडद्यावर जावयांचे वडील, लाल चेहऱ्याचे, गुडघ्यांवर शाल. जावई तेव्हा समुद्रावर होते. बाळ माझ्या मांडीवर होतं, काकू बाजूला, ताई मधे बसून इकडचं तिकडे सांगत होती.

म्हाताऱ्यांनी बाळाला बघितलं, मग ताईशी काहीतरी बोलले.

"काय म्हणतात?" काकूंनी विचारलं.

"म्हणतात, कागद फाडून टाका. याला तेच नाव ठेवा. थोरल्याचं."

काकू हसल्या. चेष्टा आहे असं वाटून हसतात तसं. मग त्यांनी ताईचं तोंड बघितलं.

म्हातारे सावकाश बोलत होते, ताई थांबून थांबून सांगत होती. त्यांच्या आधी एक भाऊ झाला होता. तो तान्हा असतानाच गेला. मग हे झाले, तर त्याचंच नाव यांना दिलं. त्या बेटावर तेव्हा तशीच रीत होती. आजोबाचं नाव घरात राहिलं पाहिजे, एका पोराबरोबर ते जमिनीत जाऊ द्यायचं नाही.

"म्हणजे या नावाची दोन बाळं गेली," काकू म्हणाल्या. "आणि आता तिसऱ्याला तेच घालायचं."

"दोन गेली, आणि एक ऐंशी वर्षांचा होऊन समोर बसलाय, आई."

"विचार त्यांना, भीती नाही वाटली?"

ताईनं विचारलं. म्हाताऱ्यांनी गुडघ्यांवरची शाल नीट केली. मग ते जे बोलले ते ताईनं जसंच्या तसं सांगितलं. वाटायची. चर्चच्या मागे दगड होता, त्यावर माझं नाव. शाळेतून येताना रोज दिसायचा. तो माझा भाऊ होता हे मला कुणी सांगितलं नाही, मोठा झाल्यावर कळलं. तेवढं सांगायला पाहिजे होतं. तुम्ही याला सांगा.

काकू उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावायला लागल्या. भांडी लावलेलीच होती.

पुढचे आठ दिवस त्या घरात वाईट गेले. आरडाओरड कुणी करत नव्हतं. काकू डिंकाचे लाडू वळायच्या, ताई गच्चीवर बाळाला उन्हात घेऊन बसायची, आणि दोघी माझ्यातर्फे बोलायच्या. "तिला विचार दूध घेणार का." "आईला सांग नंतर." मला त्याची धास्ती वाटायला लागली. दोन माणसं आपल्यामधून बोलायला लागली की कधीतरी आपल्याला विचारतात, तुझं काय म्हणणं. आणि माझं म्हणणं असलं तर ते कशामुळे आहे, हेही विचारतात.

रात्री जेवताना मी हे मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "तू भिंत आहेस असं समज. भिंतीला मत नसतं." मी हो म्हटलं. खरंच तसंच करायचं होतं मला. त्या घरात मला दोन वेळचं गरम मिळत होतं, काकू म्हणाल्या होत्या तीन महिने ठेवीन, आणि पुढं त्यांच्या भाचीकडे पाठवीन. त्याहून मोठं म्हणजे सकाळी उठायला कारण होतं. कोवळं अंग हातात घेतलं की माझे हात शांत व्हायचे. ते गेलं असतं तर मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले असते, हे मला पक्कं माहीत होतं.

जावई यायला सहा दिवस राहिले होते. बाळाला न्हाऊ घालून झालं होतं, मी पाटावर बसून पाय लांब करून त्याला पायांवर घेतलं होतं, टाळूवर तेल घालत होते. ताई समोर खुर्चीवर. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा थेट ताईशी बोलल्या.

"मी खूप विचार केला. नाव म्हणजे काय स्वेटर आहे का, थोरल्याचा धाकट्याला घालायला? उद्या हा तिकडे मोठा होईल. त्या दगडावर स्वतःचं नाव वाचेल. काय वाटेल त्याला?"

"मी सांगेन त्याला. तुझा भाऊ आहे म्हणून."

"दुसरं कुठलंही ठेव. ते फरशीवालं ठेव. मी एक शब्द बोलणार नाही."

"आई, दोन वर्षांत तू त्याचं नाव एकदा तरी घेतलंस का?"

"कशाला घेऊ? दोन दिवसांचं ते. मी बघितलं पण नाही. मला व्हिसा मिळेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं." त्यांचा आवाज चिरला. मग नेहमीसारखा करून म्हणाल्या, "दोन दिवसांचं काय नाव नि गाव."

ताई फरशीकडे बघत होती. आणि माझ्या तोंडून गेलं, "दोन दिवसांचं असलं तरी असतं, काकू."

त्या माझ्याकडे वळल्या. रागानं नाही. "तुला काय माहीत, बेटा?"

इथं मला सुटता आलं असतं. शेजारणीचं झालं होतं, बहिणीचं झालं होतं, काहीही म्हणता आलं असतं. गेले चार आठवडे मी दातांपासून चालण्यापर्यंत सगळं रचलं होतं. हे तर त्याहून सोपं होतं. मला मावशी आठवलीसुद्धा. तिनं सांगितलेलं आठवलं. पण ताईनं मान वर केली नव्हती, आणि ती तशी का बसली आहे हे त्या घरात मला एकटीलाच ठाऊक होतं.

"माझा दहा दिवसांचा होता," मी म्हटलं.

बाळ पायांवर हात हलवत होतं.

"गावी आहे न तो?" काकू म्हणाल्या.

"गावी कुणी नाही."

"दात आले म्हणालीस. चार."

"हो, म्हणाले."

"टोपी दिली मी."

"घडी करून ठेवली आहे, काकू."

मग जे आलं ते मी थांबवलं नाही. म्हटलं, त्याचं बारसं व्हायचं होतं, नाव राहून गेलं. आता त्याच्याबद्दल बोलायचं तर मी 'तो' म्हणते, नवरा काहीच म्हणत नाही. शनिवारी आम्ही दोघं जेवायला बसतो, आणि कुणासाठी गप्प बसलोय तेसुद्धा सांगता येत नाही. हाक मारून रडावं तर हाक नाही. ताईंच्याकडे नाव आहे, तिकडे कोरून ठेवलेलं आहे. ते त्यांना घरात बोलू द्या.

काकू पुढं आल्या. खाली बसल्या, बाळाला माझ्या पायांवरून उचललं आणि पंच्यानं त्याची टाळू पुसायला लागल्या. मी नुकतंच घातलेलं तेल होतं ते. सावकाश पुसत होत्या, बाळाला लागू नये म्हणून, पण पुन्हा पुन्हा. पंचा पिवळा झाला तरी थांबल्या नाहीत.

"आई," ताई म्हणाली. "चार आठवडे हाच हात लागलाय त्याला. काय झालं?"

"काही नाही झालं. देवानं सांभाळलं. रोज रोज नाही सांभाळत." मग बाळाकडे बघतच त्या म्हणाल्या, "तुला जे नाव ठेवायचं ते ठेव. जा, ठेव. मी पण म्हणेन त्याला त्या नावानं. पण हिचा हात नको. दोन्ही माझ्याकडून नाही होणार गं. एकच होईल."

मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. भीती काही एका दिवसात सगळी टाकता येत नाही. त्यांनी अर्धी टाकली. उरलेली अर्धी माझ्या वाट्याला आली, एवढंच. तासाभरानं त्यांनी मला डिंकाच्या लाडवांचा डबा भरून दिला. डबा हातात दिला नाही, टेबलावर ठेवला, आणि म्हणाल्या, "उद्यापासून नको येऊस. जपून जा." मी पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले.

ताई लिफ्टपर्यंत आली. टाके ओढत होते, भिंतीला धरून चालत होती. मी म्हटलं, तुम्ही कशाला आलात. ती म्हणाली, "तू काय ठेवणार होतीस?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही. एक नाव मी मनात धरलं होतं, सातव्या महिन्यापासून, बारशापर्यंत सांगायचं नसतं म्हणून सांगितलं नव्हतं. ते मी तिला सांगितलं. तिनं ते एकदा मोठ्यानं म्हटलं, नीट, हाक मारल्यासारखं. लिफ्ट आली, आणि मी खाली गेले.

मावशीला कळवायला मी पोचायच्या आत काकूंचा फोन दवाखान्यात गेला होता. मोठ्या सिस्टरनं तिला सगळ्या आयांसमोर उभं करून विचारलं, हे असं आणखी किती घरांत केलंस. वर्षानुवर्षं ती गरजू बायकांना घरोघर लावून देत आलेली, दवाखान्यातून सुटणाऱ्या बाळंतिणी तिलाच विचारायच्या, अशी तिची पत. त्या दिवशी तिला सांगण्यात आलं, यापुढं कुणाला कुठं पाठवायचं नाही. संध्याकाळी ती आली. नळाखाली पाय धुतले.

"बोललीस कशाला?"

मी जसं झालं तसं सांगितलं. ताई कशी बसली होती ते सांगितलं. ती पायांच्या बोटांमधली धूळ काढत ऐकत होती.

"मग तेच नाव ठेवणार का?"

"हो, तेच."

"चला," ती म्हणाली. बाकी काही नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सकाळी दारात उभी राहिली नाही. मी माझी मीच उठायची, तिच्या आधी उठून तिचीही भांडी भरून ठेवायची. मावशी ती तशीच उचलून न्यायची. त्याच दिवसांत ताईचा फोनवर निरोप आला. बारसं झालं होतं. बाकी मजकूर नव्हता, नुसतं नाव, इंग्रजीत. माझं इंग्रजी आठवीतलं; एकेक अक्षर जोडून मी ते वाचलं. नळावर उभं राहून दोनदा म्हटलं. मावशीच्या खोलीची खिडकी उघडी होती, तिनं ऐकलं असेल.

सोळाव्या दिवशी तिनं माझं दार वाजवलं. एका शाळेच्या बसवर मुलांना चढवायला उतरवायला बाई पाहिजे होती, ड्रायव्हर तिच्या ओळखीचा. "बच्चे मोठे आहेत," ती म्हणाली, "आपापले चालतात. तिथं कुणी काही विचारणार नाही." माझ्यामुळे जिची पत गेली ती उरलेल्या ओळखी माझ्यासाठी खर्च करत होती. आजही मी त्याच बसवर आहे.

त्या घरातल्या कुणाला त्यानंतर मी भेटलेले नाही. ताई बाळाला घेऊन बेटावर गेली. तिकडे आता तो दगड त्याला दाखवत असेल आणि सांगत असेल. काकू तुकोगंजातच आहेत. बस त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून जाते, तेव्हा मी मुलं मोजायला लागते.

मावशी अजून दवाखान्यात आहे. बायका अजून तिला विचारतात, आणि ती म्हणते, माझ्या ओळखीत कुणी नाही. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. मोठी सिस्टर तिला आता लहान कामंच सांगते, आणि मावशी ती करते.

मला जाऊन सांगायचं आहे की ते खोटं माझं होतं, मावशीला मी फसवलं, तिला माझ्या मुलाचं काही ठाऊक नव्हतं. दोनदा मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि पाय वळले. भीती वाटते. सिस्टरची, त्या वासाची, तिथं आत रडणाऱ्या बाळांची. मावशीला सांगितलं तर ती म्हणेल, चल हट, बसचा टाइम झाला. म्हणून तिला सांगत नाही, इथं लिहून ठेवते. मावशी, मी जाईन. सगळ्या आया असतील तेव्हाच जाईन, आणि तुझं नाव घेऊन सांगीन की हिची काही चूक नव्हती. ते केल्याशिवाय मी इंदूर सोडणार नाही.